टीव्ही जाहिरातींचे तांत्रिक आणि संपादकीय निकष: इंदूरच्या जाहिरातदारांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न सर्वांत जास्त येतात ते दिवाळीच्या आधी आणि कोचिंगच्या प्रवेशांच्या दिवसांत. विचारणारे बहुतेक इंदूर, देवास, महू भागातले छोटे-मध्यम व्यावसायिक असतात: नमकीनवाले, साड्यांचे दुकानदार, बिल्डर, क्लासवाले आणि त्यांच्यासाठी जाहिरात कापणारे तरुण एडिटर. आमच्याकडे फायनल मास्टर, म्हणजे चॅनलला द्यायची अंतिम फाइल, बनवण्याचं आणि चॅनलला पाठवण्याआधी तपासण्याचं काम होतं. तांत्रिक कारणाने परत आलेली जाहिरात आणि मजकुरामुळे परत आलेली जाहिरात, दोन्हींचं मूळ बहुधा एकच निघतं. घरात बसलेल्या माणसाला हे नीट दिसेल का, ऐकू येईल का आणि खरं ते कळेल का, हे शूटिंगच्या आधी कोणी विचारलेलंच नसतं.

१. टीव्हीवर जाहिरात लावायची तर सेन्सॉरचं सर्टिफिकेट लागतं का? नियम नेमके कोणाचे?

सिनेमागृहात दाखवायच्या जाहिरातीला सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र लागतं, टीव्हीच्या जाहिरातीला नाही. तिथे जबाबदारी चॅनलची आणि तुमची.

मुख्य आधार तीन आहेत. पहिला, केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स (नियमन) कायदा, १९९५ आणि १९९४च्या केबल नियमांतला नियम ७. यालाच जाहिरात संहिता म्हणतात. दुसरा, १९८५ साली मुंबईत स्थापन झालेल्या ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडियाची, म्हणजे आस्कीची, स्वनियमन संहिता. 'ती ऐच्छिक आहे ना?' असं अनेक जण विचारतात. नियम ७ मध्येच स्पष्ट लिहिलं आहे की आस्कीच्या संहितेचा भंग करणारी जाहिरात दाखवता येणार नाही. त्यामुळे टीव्हीपुरती ती ऐच्छिक राहिलेली नाही. तिसरा, ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आणि त्याखाली ९ जून २०२२ रोजी आलेली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबतची मार्गदर्शक तत्त्वं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण यात पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत आणि पुन्हा तेच केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकतं. जाहिरातीत शिफारस करणाऱ्या कलाकारालाही तो लागू होतो.

याशिवाय वस्तूनुसार वेगळे कायदे आहेत. ते प्रश्न १२ पासून पुढे येतील.

२. आम्ही फक्त इंदूरच्या लोकल केबलवर लावणार आहोत. तरी हे सगळं लागू?

हो. कायद्याच्या नावातच केबल आहे. कलम ६ सांगतं की संहितेत न बसणारी जाहिरात केबल सेवेवरून दाखवता येणार नाही. कारवाईचा अधिकार जिल्हाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी आणि पोलिस आयुक्त यांना आहे. इंदूरला डिसेंबर २०२१पासून पोलिस आयुक्त प्रणाली आहे, म्हणजे हे अधिकारी शहरातच बसतात. लोकल केबलची जाहिरात पाहणारे तुमचे शेजारी आणि रोजचे गिऱ्हाईक असतात. तिथे जास्तच काळजी घ्यायला हवी, असं आमचं मत.

३. चॅनलला फाइल कोणत्या फॉरमॅटमध्ये द्यायची?

आधी चॅनलच्या ट्रॅफिक विभागाकडून (जाहिराती घेऊन वेळापत्रकात लावणारा विभाग) त्यांचं डिलिव्हरी पत्रक मागवा. शेवटचा शब्द त्याचाच. सर्वसाधारणपणे आपल्याकडे एचडी म्हणजे १९२० बाय १०८०, सेकंदाला २५ फ्रेम, इंटरलेस्ड (विषम आणि सम ओळी आळीपाळीने येणारं चित्र, प्रश्न ९ पाहा), अप्पर फील्ड फर्स्ट. एसडी म्हणजे ७२० बाय ५७६. फाइल बहुतेक ठिकाणी एमएक्सएफमध्ये एक्सडीकॅम एचडी ४२२, ५० मेगाबिट, किंवा प्रोरेझ ४२२ एचक्यू. आवाज ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, अनकॉम्प्रेस्ड.

व्हॉट्सॲपवर आलेली फाइल मास्टर म्हणून पाठवू नका. ती एकदा पिळून निघालेली असते. बाहेरून एमएक्सएफचं आवरण चढवलं तरी गेलेला तपशील परत येत नाही.

४. मोबाइलवर शूट केलेली किंवा यूट्यूबसाठी बनवलेली जाहिरात टीव्हीवर चालेल का?

चालू शकते, पण शूटिंगच्या आधी ठरवलं असेल तर. तीन गोष्टी सांभाळा.

फोनमध्ये फ्रेम रेट बहुधा ३० असतो, आपलं प्रसारण २५चं. ३०चं २५ करताना फ्रेम गळतात किंवा एकमेकांत मिसळतात, आणि कॅमेरा डावीकडून उजवीकडे फिरतो तिथे चित्र अडखळतं. म्हणून फोन २५वर लावा आणि फ्रेम रेट बदलता राहू देऊ नका. शटर १/५० ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे दुकानातल्या ट्यूब आणि स्वस्त एलईडी दिवे न जुळणाऱ्या शटरवर लुकलुकताना दिसतात. सराफ्यातल्या रात्रीच्या शूटिंगमध्ये हा दोष फार दिसतो. आणि उभं शूट करू नका. टीव्ही आडवा आहे. उभ्या चित्राच्या दोन्ही बाजूंना धुरकट पट्टे भरून दिलेली जाहिरात अनेक चॅनल परत पाठवतात.

५. जाहिरात ३० सेकंदांची होती, चॅनल म्हणतं कमी भरते. असं कसं?

बहुधा ती २४ फ्रेमवर बनली आहे. २४ फ्रेमच्या ३० सेकंदांत ७२० फ्रेम असतात. त्याच फ्रेम २५च्या वेगाने चालल्या की २८.८ सेकंदांत संपतात, आणि आवाजाची पट्टीही थोडी चढते. टीव्हीवर वेळ १० सेकंदांच्या हिशेबाने विकली जाते. त्यामुळे १० सेकंद म्हणजे बरोबर २५० फ्रेम, २० म्हणजे ५०० आणि ३० म्हणजे ७५०. एकही फ्रेम इकडेतिकडे नको. सुरुवातीच्या आणि शेवटच्या काही फ्रेम निःशब्द ठेवा, नाहीतर आधीच्या जाहिरातीला चिकटताना तुमचा पहिला शब्द कापला जातो. ब्रँडचं नाव पहिल्याच अक्षराला असेल तर नुकसान मोठं.

६. आमच्या जाहिरातीचा आवाज दुसऱ्यांपेक्षा हळू वाटतो. वाढवून द्या ना?

नियम ७ सांगतो की जाहिरातीचं चित्र आणि आवाज प्रमाणाबाहेर भडक वा मोठा नसावा. आकडा नियमात नाही, तो चॅनलच्या पत्रकात असतो. जगभर जो आधार धरला जातो तो युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनचा, म्हणजे ईबीयूचा, आर १२८: सरासरी लाउडनेस उणे २३ एलयूएफएस (लाउडनेसचं एकक), ट्रू पीक, म्हणजे आवाजाचं सर्वांत उंच टोक, उणे १ डेसिबलच्या वर नाही. काही चॅनल उणे २४ मागतात.

हे माप पीकचं नाही, पूर्ण जाहिरात कानाला सरासरी किती मोठी लागते त्याचं आहे. त्यामुळे कॉम्प्रेसर लावून सगळं सपाट दाबलं आणि वर ढोल-ताशा भरला, तर चॅनलचं यंत्र पूर्ण जाहिरात खाली ओढतं. मग तुमचा निवेदक आणखी हळू ऐकू येतो. उपाय मिक्समध्ये आहे. निवेदन चालू असताना संगीत उतरवा, निवेदकाला श्वास घ्यायला जागा द्या, ३० सेकंदांत १०० शब्द कोंबू नका. ज्या जाहिरातीत एखादा क्षण शांत असतो तिचं बोलणं उठून ऐकू येतं. शिवाय रात्री साडेनऊला घरात म्हातारी माणसं आणि झोपलेली लेकरं असतात. त्यांना दचकवून विकलेला माल लक्षात राहतो तो रागाने.

७. साडीचा लाल-गुलाबी रंग मॉनिटरवर सुंदर दिसतो, चॅनल म्हणतं 'इल्लीगल'. म्हणजे काय?

प्रसारणात ८ बिटमध्ये काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर धरतात (१० बिटमध्ये ६४ आणि ९४०). संगणक मात्र ० ते २५५ वापरतो. ग्राफिक्स थेट संगणकाच्या पातळीवर आले की पांढरी अक्षरं मर्यादेबाहेर जातात. गडद राणी रंग, हळदीचा पिवळा, जरीची चमक यांत एखादा रंगघटक सीमा ओलांडतो. मग घरच्या टीव्हीवर पदराची वीण जाऊन सपाट डाग दिसतो. ईबीयूचा आर १०३ उणे ५ ते १०५ टक्क्यांपर्यंत सूट देतो. शेवटी लिमिटर (मर्यादेबाहेरचा रंग आपोआप छाटणारं साधन) लावून मोकळं होऊ नका. आधी रंगाची तीव्रता हाताने उतरवा, विणकाम शाबूत राहील.

८. धमाकेदार ऑफरसाठी झगमगते फ्लॅश टाकले तर?

सेकंदाला ३ पेक्षा जास्त झगमगाट नको, विशेषतः लाल रंगाचा आणि पडद्याचा मोठा भाग व्यापणारा. प्रकाशामुळे अपस्माराचा झटका येऊ शकणारी माणसं असतात, त्यांत मुलं जास्त. डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये एका कार्टून मालिकेतल्या अशा दृश्यामुळे शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं होतं. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची बीटी.१७०२ ही शिफारस याच विषयावर आहे. आम्ही हा नियम कोणाच्याही आग्रहासाठी सोडत नाही.

९. मराठी अक्षरं तुटतात, रफार भलतीकडे जातो. चांगला फॉन्ट कोणता?

फॉन्टपेक्षा कारण दुसरीकडे असतं, आणि ते समजून घेण्यासारखं आहे.

इंदूरमध्ये टायपिंग अजून पुष्कळ ठिकाणी कृतिदेवसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये होतं. हिंदीचं काम त्यात निभावतं. मराठीत 'व्यापाऱ्यांसाठी', 'दुसऱ्या', 'पुऱ्या' यांतला अर्धा र नीट येत नाही आणि तिथे रफार बसतो. 'ॲडमिशन', 'ॲप' यांतलं ॲ जुन्या फॉन्टमध्ये नसतंच, त्याच्या जागी रिकामी चौकट येते. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिपी जोडणारा टेक्स्ट कंपोझर चालू आहे ना ते पाहा. तो बंद असेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते आणि जोडाक्षरांत हलन्त उघडे पडतात. मराठी वळणाचे ल आणि श देणारा फॉन्ट निवडला तर वाचणाऱ्याला मजकूर आपला वाटतो. हिंदी वळणाचे ल-श चूक नाहीत, पण फरक डोळ्याला जाणवतो.

यापुढची अडचण देवनागरीपुरती खास आहे. इंटरलेस्ड चित्रात विषम ओळी एका फील्डमध्ये आणि सम ओळी दुसऱ्यात येतात. एकाच ओळीइतकी बारीक आडवी रेघ त्यामुळे दर दुसऱ्या फील्डलाच दिसते आणि थरथरते. रोमन अक्षरांत अशी रेघ अधूनमधून येते. आपल्या लिपीत शिरोरेषा प्रत्येक शब्दावर आहे! नाजूक, सडपातळ फॉन्ट लॅपटॉपवर देखणा दिसतो आणि टीव्हीवर पूर्ण वाक्य लुकलुकतं. मध्यम किंवा ठळक वजनाचा फॉन्ट घ्या, शिरोरेषा निदान २-३ ओळी जाड भरेल असा. अक्षरांच्या कडेला किंचित मऊपणा द्या.

आणि मास्टर रेंडर झाल्यावर ते मराठी वाचणाऱ्या एका माणसाकडून वाचून घ्या. एडिटरने स्वतः वाचलेलं धरू नका, त्याच्या डोळ्यांना ती चूक सवयीची झालेली असते. रामबाग, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर, कुठेही एखादे निवृत्त शिक्षक भेटतील आणि आनंदाने वाचून देतील.

१०. अक्षरं पडद्याच्या कडेला किती नेता येतात?

ईबीयूच्या आर ९५ प्रमाणे महत्त्वाची हालचाल चारी बाजूंनी ३.५ टक्के आणि अक्षरं ५ टक्के आत. एचडीत ५ टक्के म्हणजे डावी-उजवीकडून ९६ पिक्सेल, वर-खालून ५४. एसडी ४:३ फीडवर, म्हणजे जुन्या, कमी रुंद पडद्याच्या प्रसारणावर, बाजू कापल्या जाणार असतील तर फोन नंबर आणि पत्ता मध्यभागी आणा.

११. 'अटी लागू' किती बारीक चालतं?

आस्कीच्या मार्गदर्शक सूचनांनुसार एसडीत अक्षराची उंची किमान १२ पिक्सेल, एचडीत किमान १८. प्रत्येक ओळ ४ सेकंदांपेक्षा जास्त वेळ पडद्यावर राहिली पाहिजे. भाषा जाहिरातीच्या निवेदनाचीच हवी. रंग पार्श्वभूमीवर उठून दिसला पाहिजे, नक्षीदार फॉन्ट नको.

इथे एक हिशेब बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. तुम्ही एचडीत १८ पिक्सेलचं अक्षर केलं आणि चॅनलने त्याच मास्टरवरून एसडी फीड काढलं, तर १०८०च्या ५७६ ओळी होतात आणि अक्षर साडेनऊ पिक्सेलचं उरतं. १२च्या खाली गेलं. म्हणून एसडीवरही जाणार असेल तर एचडीत निदान २३ ठेवा. वर-खाली काळे पट्टे ठेवून ४:३ मध्ये बसवणार असतील तर चित्राला ४३२ ओळीच मिळतात, तेव्हा ३० हवेत. या सूचनांतलं माप रोमन लहान अक्षराचं आहे. देवनागरीत आम्ही मात्रा-वेलांट्या सोडून शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतची उंची मोजतो.

वेळेचाही हिशेब करा. १० सेकंदांच्या जाहिरातीत दोन ओळींच्या अटी म्हणजे ८ सेकंदांहून जास्त. मावत नसेल तर अटी कमी करा किंवा दावा साधा करा.

मूळ हिंदी जाहिरात मराठीत डब करताना निवेदन मराठी होतं आणि खालच्या अटी हिंदीतच राहतात. भाषेची अट तिथेच मोडते. ग्राफिक्सविरहित मास्टर आधीच मागून ठेवा.

आणि अटीने दावा उलटवता येत नाही. वर 'मेकिंग चार्ज फ्री' आणि खाली 'ठराविक दागिन्यांवर, ठराविक वजनापुढे' असं असेल, तर वरचं विधानच दिशाभूल करणारं आहे. २०२२च्या तत्त्वांप्रमाणे ऑफरला प्रतिसाद देण्याचा आणि माल नेण्या-आणण्याचा अटळ खर्च सोडून गिऱ्हाईकाला काहीही मोजावं लागत असेल, तर त्याला 'फ्री' म्हणता येत नाही.

१२. 'इंदूरचे नंबर १ नमकीन' म्हणू शकतो का? सगळेच म्हणतात.

स्वतंत्र, तपासता येणारा पुरावा असेल तर म्हणा. कशात नंबर १, कुठे, कोणत्या काळात, हे सांगता आलं पाहिजे. 'चवीला तोड नाही' ही आवडीची भाषा झाली, ती चालते. 'नंबर १', 'सर्वाधिक विक्री', '१०० टक्के शुद्ध' हे मोजण्याचे दावे. खाद्यपदार्थांसाठी २०१८चे जाहिरात आणि दाव्यांबाबतचे एफएसएसएआय, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे, विनियम वेगळे आहेत. नैसर्गिक, ताजं, पारंपरिक, अस्सल अशा शब्दांना त्यांत अटी आहेत. कारखान्यात बनलेल्या फराळाला 'घरगुती' म्हणून गैरसमज होईल असं दाखवता येत नाही. स्वयंपाकघराचा सेट लावून आजीबाईंच्या हातात झारा देण्याची कल्पना घेऊन येणाऱ्यांना आम्ही हे आधीच सांगतो.

खाद्य आणि आरोग्य क्षेत्रासाठी आणखी एक कागद: सुप्रीम कोर्टाच्या ७ मे २०२४च्या आदेशानंतर स्वयंघोषणा प्रमाणपत्राची (जाहिरात दिशाभूल करणारी नाही असं जाहिरातदाराने स्वतः लिहून देण्याची) पद्धत आली. टीव्हीसाठी ते ब्रॉडकास्ट सेवा पोर्टलवर भरायचं होतं. जुलै २०२४ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने ते याच दोन क्षेत्रांपुरतं आणि वर्षातून एकदा असं केलं. आरओ, म्हणजे जाहिरात लावण्याची ऑर्डर, देतानाच चॅनलला विचारून घ्या की आज ते काय मागतात.

१३. आम्ही इंदूरला सेव बनवतो. जाहिरातीत 'रतलामी सेव' म्हटलं तर?

रतलामी सेवेला भौगोलिक निर्देशन, म्हणजे जीआय, मिळालेलं आहे. त्या भागाबाहेर बनलेल्या मालाला ते नाव लावून विकणं १९९९च्या जीआय कायद्यात अडचणीचं ठरतं. 'लवंग-मिरीची तिखट सेव' म्हणा, चव पोहोचते. माहेश्वरी आणि चंदेरीचंही तसंच. पॉवरलूमवरचा माल दाखवताना हातमागाचा खटखट आवाज आणि महेश्वरचा घाट दाखवला, तर शब्दात 'माहेश्वरी' नसलं तरी चित्र तेच सांगतं. संहिता चित्रालाही लागू आहे. घाटाच्या काठावर पिढ्यान् पिढ्या माग चालवणाऱ्यांचं नाव त्यांचंच राहू द्या.

१४. कोचिंगच्या जाहिरातीत निकाल लागलेल्या मुलांचे फोटो वापरायचे आहेत.

नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंग क्षेत्रासाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं आली. फोटो, नाव वापरण्याची लेखी संमती विद्यार्थ्याची निवड झाल्यावर घेतलेली हवी. प्रवेशाच्या फॉर्मवर आधीच घेतलेली सही चालत नाही. तो विद्यार्थी तुमच्याकडे कोणत्या कोर्सला होता, किती काळ आणि पैसे भरून की नाही, हेही दाखवावं लागतं. फक्त मुलाखतीच्या सरावाला आलेल्या मुलाला पूर्ण तयारी करून घेतल्यासारखं दाखवणं थांबावं म्हणूनच हे आहे. 'हमखास निवड' म्हणता येत नाही. भंवरकुआँ भागात होर्डिंगवर जे चालत आलं आहे ते टीव्हीच्या मजकुरात जसंच्या तसं उचलू नका.

१५. नव्या कॉलनीची प्लॉटची जाहिरात लगेच लावायची आहे. रेरा नंबर नंतर टाकू का?

नाही. रेरा, म्हणजे स्थावर मालमत्तेच्या कायद्याच्या, कलम ३ प्रमाणे नोंदणीआधी जाहिरातच करता येत नाही. दंड प्रकल्पाच्या अंदाजित खर्चाच्या १० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. ५०० चौरस मीटरपर्यंतची जमीन किंवा ८ सदनिकांपर्यंतचे प्रकल्प यातून सुटलेले आहेत. नोंदणी क्रमांक आणि प्राधिकरणाची वेबसाइट ठळक दाखवावी लागते, त्यासाठी प्रश्न ११ मधली उंची आणि वेळ पाळा. 'विमानतळ १० मिनिटांवर' लिहिण्याआधी संध्याकाळी साडेसहाला एकदा स्वतः जाऊन पाहा.

१६. मधुमेह बरा करणारं आयुर्वेदिक चूर्ण आहे, रुग्णांचे अनुभवही आहेत. जाहिरात होईल?

होणार नाही. ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायदा, १९५४ च्या अनुसूचीत मधुमेह, कर्करोग, मोतीबिंदू, कोड, लठ्ठपणा, उंची वाढवणं असे विषय आहेत. त्यांवरच्या इलाजाचा दावा जाहिरातीत करता येत नाही. औषध कोणत्या पद्धतीचं आहे आणि अनुभव किती खरे आहेत याने फरक पडत नाही. जाहिरातीवर विसंबून कोणी इन्सुलिन सोडलं तर काय होईल, एवढंच डोळ्यासमोर आणा.

डॉक्टरांना स्वतःची जाहिरात करता येत नाही. नर्सिंग होमची माहिती २००२च्या वैद्यकीय आचारसंहितेच्या मर्यादेत, म्हणजे नाव, रुग्णांचा प्रकार, सोयी, शुल्क इतपतच द्यावी.

१७. ज्यांची जाहिरात होऊच शकत नाही अशा वस्तू कोणत्या?

तंबाखू, सिगारेट, दारू, इतर मादक पदार्थ, बाळाच्या दुधाला पर्यायी पावडर, दुधाची बाटली, लहान बाळांचं डबाबंद अन्न, गर्भलिंग तपासणी. ऑगस्ट २०२५च्या कायद्यानंतर पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेमही. मनाई असलेल्या वस्तूच्याच नावाची वेलची किंवा सोडा पुढे करून मागे दुसरंच विकणं २०२२च्या तत्त्वांत स्पष्ट मना आहे.

१८. दुकानाच्या जाहिरातीत शिवाजी महाराजांचं चित्र चालेल का? गणपती? तिरंगा?

मराठी दुकानदारांकडून हा प्रश्न अगदी मनापासून येतो. भावना खरी असते, म्हणून उत्तर सांगताना जड जातं. एम्ब्लेम्स अँड नेम्स कायदा, १९५० च्या अनुसूचीत छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्र आहे, महात्मा गांधी आणि पंडित नेहरूंच्या बरोबर. व्यापारासाठी ते वापरता येत नाही. राष्ट्रध्वजही नाही. शिवजयंतीला समाजाच्या कार्यक्रमात महाराजांना वंदन करा, विक्रीच्या पट्टीत आणू नका.

गणेशोत्सवाचं वातावरण, आरास, मोदक हे दाखवायला हरकत नाही. नियम ७ मध्ये मनाई आहे ती मुख्यतः धार्मिक किंवा राजकीय हेतूच्या जाहिरातींना आणि चमत्काराच्या दाव्यांना. 'हे यंत्र घरात ठेवा, लक्ष्मी येईल' यात दुसरा भाग थेट मोडतो.

१९. जाहिरातीत माझाच मुलगा आणि घरचा कुत्रा आहे. परवानगी कशाला?

घरचे असले तरी लागते. बालकलाकारासाठी जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी, दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग ३ तासांपेक्षा जास्त नाही, आणि मिळणाऱ्या मोबदल्यातला किमान २० टक्के मुलाच्या नावे मुदत ठेवीत. मुलाला धोक्याची कृती करताना दाखवू नका. गच्चीच्या कठड्यावर पतंग उडवणं हे नेहमीचं उदाहरण. कुत्र्यासाठी ॲनिमल वेल्फेअर बोर्डाची शूटिंगपूर्व परवानगी घ्या. त्याला वेळ लागतो, घाई असेल तर कुत्र्याशिवायची पटकथा लिहा.

राजवाडा, लालबाग, कृष्णपुऱ्याच्या छत्र्या यांसारख्या ठिकाणी संबंधित खात्याची लेखी परवानगी घ्या. ड्रोन उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलवर तो भाग कोणत्या झोनमध्ये आहे ते पाहा.

२०. जुनं गाणं १० सेकंद वापरलं तर चालतं ना? आणि लतादीदींसारखा आवाज एआयने काढला तर?

१० सेकंदांची कोणतीही सूट कायद्यात नाही. गाण्यात गीत, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे असतात. गीत आणि चाल कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, ध्वनिमुद्रण प्रकाशनानंतर ६० वर्षं. राग आणि पारंपरिक ओवी सर्वांची. उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या गायकीतला मारवा ऐकून तुमच्या गायकाने नवी आलापी केली तर ती तुमची, पण खाँसाहेबांचं संरक्षित मुद्रण उचललं तर परवाना हवा.

लतादीदींचा जन्म इंदूरचा, २८ सप्टेंबर १९२९चा, त्यामुळे इथे हा प्रश्न आपलेपणाने विचारला जातो. आवाज हा माणसाच्या ओळखीचा भाग आहे. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची एआयने नक्कल करण्याविरुद्ध संरक्षण दिलं. ज्या आवाजाने कधी तुमच्या दुकानाची शिफारस केली नाही, त्याच्या तोंडी ती घालू नका. शहरात गाणाऱ्या मुली आहेत, त्यांना काम द्या.

२१. दुसऱ्या ब्रँडचं नाव घेऊन तुलना करता येते का?

येते. १९९५च्या टाटा प्रेस खटल्यात सुप्रीम कोर्टाने व्यापारी जाहिरातीला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानलं आहे. पण तुलना खरी, सारख्या गोष्टींची आणि पुराव्यासकट हवी. 'आमच्या तेलात अमुक इतकं कमी' हे चालतं, 'त्यांचं तेल विष' हे बदनामीत जातं. दुसऱ्याचं पाकीट धूसर करून दाखवलं तरी रंगावरून ओळखू येत असेल तर नाव घेतल्यासारखंच आहे.

२२. बातमीसारखी जाहिरात करू का? किंवा मालिका चालू असताना खाली पट्टी?

जाहिरात कार्यक्रमापासून स्पष्ट वेगळी ओळखू आली पाहिजे, आणि पडद्याच्या खालच्या भागात पट्टी चालवून तिने कार्यक्रमात अडथळा आणू नये, असं नियम ७ सांगतो. त्याच नियमात तासाला १२ मिनिटांची मर्यादा आहे: १० मिनिटं जाहिराती, २ मिनिटं चॅनलचे स्वतःचे प्रोमो. ब्रेकिंग न्यूजचा लाल पट्टा, निवेदकासारखा सूट, हातात माईक असं सगळं घेऊन आलात तर निदान पूर्ण वेळ 'जाहिरात' हा शब्द ठेवा. तरीही आमचा सल्ला, करू नका.

२३. निवडणुकीत नगरसेवकाच्या शुभेच्छांची जाहिरात केबलवर लावायची आहे.

सुप्रीम कोर्टाच्या १३ एप्रिल २००४च्या आदेशापासून राजकीय जाहिरातीला प्रसारणापूर्वी प्रमाणपत्र लागतं. लोकसभा-विधानसभेच्या वेळी ते एमसीएमसी, म्हणजे माध्यम प्रमाणन आणि देखरेख समिती, देते. नोंदणीकृत पक्ष आणि उमेदवारांनी प्रसारणाच्या किमान ३ दिवस आधी, इतरांनी ७ दिवस आधी अर्ज करायचा. मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत टीव्हीवर निवडणूक प्रचार दाखवता येत नाही. दिवाळीच्या शुभेच्छा असल्या तरी चिन्ह आणि उमेदवारी आली की समिती ती राजकीयच धरण्याची शक्यता मोठी. महापालिकेच्या निवडणुकीआधी राज्य निवडणूक आयोगाचे त्या वेळचे आदेश वाचा.

२४. जाहिरात चालू झाली आणि आस्कीकडून पत्र आलं. आता?

घाबरून जाहिरात गुपचूप बंद करून पत्र बाजूला ठेवू नका. दिलेल्या मुदतीत उत्तर द्या. प्रत्येक दाव्यासमोर पुरावा जोडा: प्रयोगशाळेचा अहवाल, विक्रीचे आकडे, संमतीपत्रं, रेरा क्रमांक. हे कागद पटकथेच्या वेळीच एका फाइलमध्ये ठेवलेले असतील तर उत्तर एका दिवसात तयार होतं. आस्कीची ग्राहक तक्रार परिषद दावा टिकत नाही असं म्हणाली तर जाहिरात बदलावी किंवा काढावी लागते. बदल करताना सगळ्या आवृत्त्या बदला: २० सेकंदांची, १० सेकंदांची, हिंदी, मराठी, एसडी, एचडी. प्रत्येकीला नवा टेप आयडी (चॅनलकडचा ओळख क्रमांक) द्या आणि जुना आयडी रद्द केल्याचं चॅनलकडून लेखी घ्या. नाहीतर रात्रीच्या फिलरमध्ये जुनीच आवृत्ती पुन्हा वाजते आणि दुसरं पत्र येतं.

प्रेक्षक म्हणून तुम्हाला एखादी जाहिरात खटकली तर आस्कीच्या वेबसाइटवर किंवा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. चॅनल, तारीख, वेळ आणि नेमकं कोणतं वाक्य किंवा चित्र, एवढं टिपून ठेवा.